मुलांची पोटगी: रक्कम ठरते कशी, हाती पडते कशी?

जून महिन्यात शाळा उघडते आणि शुल्काची पावती घरी येते. आईवडील विभक्त झालेले असोत, घटस्फोटाचा दावा न्यायालयात पडून असो वा पोटगीच्या अर्जावरील पुढची तारीख ऑगस्टमधली असो, शाळेचे कार्यालय तोवर थांबत नाही. दूधवाला, वाणी, औषधविक्रेता यांपैकीही कोणी थांबत नाही. पती-पत्नीच्या वादाचा निकाल लागण्यास काही वर्षे लागू शकतात. मुलाचे बालपण मात्र त्याच वर्षांत सरत असते. म्हणूनच कायद्याने मुलाच्या निर्वाहाचा प्रश्न आईवडिलांच्या वादापासून वेगळा ठेवला आहे. दोष कोणाचा, घर कोणी सोडले, घटस्फोट मिळणार की नाही, या प्रश्नांची उत्तरे काहीही असली तरी मुलाला पोसण्याची जबाबदारी टळत नाही.

तत्त्व इतके स्पष्ट असूनही दोन प्रश्नांवर बहुतेक पालक अडखळतात. रक्कम नेमकी ठरते कशी, हा पहिला. हुकूम झाल्यावर ती प्रत्यक्ष हाती कशी पडते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतांशी कागदपत्रांत आहे आणि दुसऱ्याचे पाठपुराव्यात. या दोन्ही बाबतींत गाफील राहणाऱ्या पालकाच्या मुलाचे नुकसान होते, हा या विषयाचा सारांश म्हणावा लागेल.

हक्क मुलाचा, आईचा नव्हे

बोलीभाषेत ‘बायकोची पोटगी’ असे सरसकट म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने पत्नीचा निर्वाह आणि मुलाचा निर्वाह हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. पत्नीचा अर्ज काही कारणाने फेटाळला गेला, तरी मुलाचा हक्क अबाधित राहतो. मूल विवाहसंबंधातून जन्मलेले असो वा नसो, त्याला हा हक्क आहेच. रक्कम ज्याच्याकडे मुलाचा ताबा आहे त्या पालकाच्या हाती दिली जाते, कारण मूल स्वतः व्यवहार करू शकत नाही. पण ती त्या पालकाची मिळकत नसते.

याचा एक महत्त्वाचा परिणाम परस्परसंमतीने होणाऱ्या घटस्फोटांत दिसतो. ‘मला काही नको, मुलाचेही मी पाहीन’ असे लिहून देऊन मोकळे होण्याकडे अनेक मातांचा कल असतो. परंतु जो हक्क मुलाचा आहे तो आईला परस्पर सोडून देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. अशा तडजोडीनंतरही मुलाच्या वतीने निर्वाहाची मागणी करता येते.

कोणत्या कायद्याने मागता येते?

पोटगीचा सर्वांत प्रचलित मार्ग फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ हा होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून हीच तरतूद आता कलम १४४ मध्ये आहे. ती सर्व धर्मांच्या नागरिकांना लागू आहे. ऐपत असूनही अल्पवयीन मुलाच्या निर्वाहाकडे दुर्लक्ष करणाऱ्या व्यक्तीस दरमहा रक्कम देण्याचा हुकूम या कलमान्वये करता येतो. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान अपत्यालाही, विवाहित मुलीचा अपवाद वगळता, या कलमाचे संरक्षण आहे.

या कलमाचा इतिहास बोलका आहे. जुन्या संहितेत पोटगीची कमाल मर्यादा महिना अवघी ५०० रुपये होती. महागाई कितीही वाढली तरी कायद्यातील आकडा तेथेच थांबलेला होता. २००१ मधील केंद्रीय दुरुस्तीने ही मर्यादा काढून टाकली आणि अंतरिम पोटगीची स्पष्ट तरतूद केली. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असेही कायद्यात म्हटले आहे.

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ अन्वये घटस्फोटाच्या किंवा तत्सम दाव्यात मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण याविषयी न्यायालय वेळोवेळी आदेश देऊ शकते. विशेष विवाह अधिनियमात अशीच तरतूद कलम ३८ मध्ये आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० ने ही जबाबदारी वडिलांबरोबर आईवरही टाकली आहे. अविवाहित मुलगी स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करू शकत नसेल, तर अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतरही तिला या कायद्याखाली दाद मागता येते. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा हक्क कलम १२५ पेक्षा व्यापक असल्याचे सांगितले.

मुस्लिम महिलांसाठीच्या १९८६ च्या कायद्यात मुलांसाठी जन्मापासून दोन वर्षांच्या निर्वाहाचा उल्लेख आहे. त्यामुळे मुलांचा हक्क दोन वर्षांतच संपतो, असा समज होता. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दूर केला. मुलांचा कलम १२५ खालील हक्क स्वतंत्र असून तो सज्ञान होईपर्यंत टिकतो, असा तो निर्णय होता. याखेरीज कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २० अन्वये पीडित महिलेबरोबर तिच्या मुलांसाठीही आर्थिक साहाय्याचा आदेश मिळू शकतो.

एकाच वेळी एकाहून अधिक कायद्यांचा आधार घेता येतो, परंतु पैसे दुप्पट मिळत नाहीत. आधीच्या आदेशाची माहिती नंतरच्या न्यायालयास देणे अर्जदारावर बंधनकारक आहे. आधी ठरलेली रक्कम नंतरच्या आदेशात वळती केली जाते.

सूत्र नाही, निकष आहेत

काही देशांत ही आकडेमोड कोष्टकावरून होते. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण उत्पन्नगटातील पालकाच्या साप्ताहिक ढोबळ उत्पन्नाच्या १२ टक्के रक्कम एका मुलासाठी, १६ टक्के दोघांसाठी आणि १९ टक्के तीन वा अधिक मुलांसाठी आधारभूत धरली जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात हेच प्रमाण एका अपत्यास १७, दोघांस २५ आणि तिघांस २९ टक्के आहे. तेथे रक्कम वसूल करून दुसऱ्या पालकाकडे पोहोचवणारी सरकारी यंत्रणाही आहे.

भारतात असे कोष्टक नाही आणि अशी यंत्रणाही नाही. येथे रक्कम न्यायाधीशांच्या तारतम्यावर अवलंबून असते. त्यामुळे सारख्याच ऐपतीच्या दोन कुटुंबांत वेगवेगळे आदेश होतात, अशी तक्रार दीर्घकाळ होती. हा विस्कळीतपणा कमी करण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात झाला.

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये दाखल झालेल्या अंतरिम पोटगीच्या अर्जावर २०१५ मध्ये आदेश झाला. त्यात पत्नीला दरमहा १५ हजार रुपये आणि मुलाला पहिली दोन वर्षे दरमहा ५ हजार व त्यानंतर १० हजार रुपये मंजूर झाले. मूल वाढते तसा खर्च वाढतो, ही गोष्ट आदेशातच गृहीत धरलेली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये हा आदेश कायम केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा व न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने निकाल दिला. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने ओळखला जाणारा हा निकाल आज देशभरातील पोटगीच्या प्रकरणांत मार्गदर्शक मानला जातो. अंतरिम पोटगीचा एक अर्ज सात वर्षे चालला, ही बाबही त्या निमित्ताने ठळकपणे पुढे आली.

प्रतिज्ञापत्र हाच पाया

या निकालानुसार दोन्ही पक्षांनी आपापली मालमत्ता आणि दायित्वे यांचे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात दाखल करणे आवश्यक आहे. शहरी व नोकरदार पक्षकारांसाठी एक आणि शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी दुसरा, असे वेगळे नमुने निकालासोबत जोडलेले आहेत. वेतन, इतर उत्पन्न, बँक खाती, ठेवी, घर, वाहन, कर्जे, अवलंबून असणाऱ्या व्यक्ती आणि मुलांवर होणारा खर्च यांचा तपशील त्यात द्यावा लागतो. उत्तरादाखल प्रतिज्ञापत्रासाठी जास्तीत जास्त चार आठवड्यांची मुदत आहे. त्यासाठी दोनपेक्षा अधिक वेळा तारीख वाढवून देऊ नये. कोणी जाणूनबुजून टाळाटाळ करीत असेल तर त्याचा बचाव रद्द करण्याचा विचार न्यायालय करू शकते.

रक्कम ठरवताना उभय पक्षांचे राहणीमान, गरजा, शिक्षण, उत्पन्न आणि संसारासाठी पत्नीने नोकरी सोडली होती का, याचा विचार होतो. मुलांच्या बाबतीत अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय उपचार आणि शिक्षण या बाबी धरल्या जातात. शिकवणी वर्ग किंवा शिक्षणाला पूरक अभ्यासक्रमांचा खर्चही त्यात येतो, मात्र तो वाजवी असला पाहिजे. शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी उचलावा आणि आई पुरेसे कमावती असेल तर तो दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घ्यावा, असे न्यायालयाने म्हटले आहे.

‘आपल्याला नोकरीच नाही’ हा बचाव नेहमी ऐकू येतो. परंतु सुदृढ व्यक्तीने प्रसंगी अंगमेहनत करूनही पत्नी व मुलांचा निर्वाह केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही पुन्हा बजावले. उत्पन्न दडवले जात असल्याचे दिसल्यास राहणीमान, प्रवास, व्यवसायाचे स्वरूप यांवरून न्यायालय उत्पन्नाचा अंदाज बांधू शकते.

आकडेमोड: एक उदाहरण

समजा, वडिलांचे ढोबळ वेतन महिना ७५ हजार रुपये आहे. प्राप्तिकर, व्यवसाय कर आणि भविष्य निर्वाह निधीची सक्तीची वर्गणी वजा जाता ६० हजार रुपये हाती येतात. त्यांनी मोटारीसाठी व वैयक्तिक कामासाठी घेतलेल्या कर्जांचे हप्ते १८ हजार रुपये आहेत. अशा वेळी निव्वळ उत्पन्न ४२ हजार धरावे, असा युक्तिवाद केला जातो. कायद्याने अनिवार्य असलेल्या कपाती न्यायालये साधारणपणे मान्य करतात. स्वेच्छेने घेतलेल्या कर्जाचे हप्ते मात्र मुलाच्या पोटगीच्या आड येऊ देत नाहीत. म्हणजे हिशेब ६० हजारांपासून सुरू होतो.

दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका निकालात सोपी पद्धत सुचवली होती. कुटुंबाचे उत्पन्न ही एक समाईक शिदोरी मानावी. कमावत्या व्यक्तीला कमाईसाठी येणारा खर्च लक्षात घेऊन दोन वाटे द्यावेत आणि इतर प्रत्येक सदस्याला एकेक. वरील कुटुंबात पत्नी कमावती नसेल आणि दोन मुले असतील तर एकूण पाच वाटे होतात. प्रत्येक वाटा १२ हजारांचा. वडिलांकडे २४ हजार, पत्नीला १२ हजार आणि दोन मुलांना मिळून २४ हजार रुपये.

आता आई कमावती आहे आणि तिला २० हजार रुपये निव्वळ वेतन मिळते, असे धरू. दोन मुलांचा मासिक खर्च पुढीलप्रमाणे मांडता येईल. शाळेचे शुल्क ८ हजार, बस ३ हजार, अन्न व कपडे ९ हजार, औषधोपचार दीड हजार, शिकवणी अडीच हजार आणि घरभाड्यातील मुलांचा वाटा ६ हजार. एकूण ३० हजार रुपये. वडील व आई यांच्या उत्पन्नाचे प्रमाण तीनास एक असल्याने वडिलांच्या वाट्याला साडेबावीस हजार आणि आईच्या वाट्याला साडेसात हजार रुपये येतात.

ही उदाहरणे केवळ दिशा दाखवणारी आहेत. दिल्लीच्या निकालातील वाट्यांची पद्धत महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही. पतीच्या निव्वळ वेतनाच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी न्याय्य ठरेल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात म्हटले आणि तेव्हापासून ‘पाव पगार’ हाच नियम असल्याचा समज रूढ झाला. तो मापदंड पत्नीच्या पोटगीसंदर्भातील आहे. मुलांच्या गरजांचा हिशेब त्याने संपत नाही. खर्चाचा प्रत्येक आकडा पावतीसह मांडणाऱ्या पालकाचा अर्ज ‘महिना ४० हजार मिळावेत’ एवढेच लिहिणाऱ्या अर्जापेक्षा नेहमीच भक्कम ठरतो.

हुकूम झाला, पुढे काय?

रक्कम कोणत्या तारखेपासून द्यायची, हा वादाचा जुना मुद्दा २०२० च्या निकालाने मिटवला. पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय ठरते. अर्जाचा निकाल लागण्यास दीड वर्ष गेले आणि दरमहा १० हजार मंजूर झाले, तर पहिल्याच दिवशी १ लाख ८० हजार रुपयांची थकबाकी उभी राहते. न्यायालये अशी थकबाकी हप्त्याने देण्याची मुभा देऊ शकतात.

पैसे पोहोचवण्याचे प्रकार साधारण तीन. ताबा असलेल्या पालकाच्या बँक खात्यात थेट भरणा हा सर्वांत सुटसुटीत, कारण प्रत्येक महिन्याची नोंद दोघांकडेही राहते. दुसरा, रक्कम न्यायालयात जमा करणे. ती नंतर अर्ज करून काढून घ्यावी लागते. तिसरा, वेतनातून कपात. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २० नुसार दंडाधिकारी मालकालाच वेतनाचा भाग पीडित महिलेस परस्पर देण्याचा वा न्यायालयात भरण्याचा आदेश देऊ शकतात. मुलासाठी एकरकमी रक्कम ठरल्यास ती बहुधा मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवण्यास सांगितले जाते.

‘मी शाळेचे शुल्क परस्पर भरतो, तेवढे पोटगीतून वजा करा’ अशी मागणी वडिलांकडून होते. ती गैर नाही. मात्र अशी वजावट हुकमातच नमूद करून घ्यावी, अन्यथा पुढे त्यावरून नवा वाद उभा राहतो. मुलाला भेटू दिले जात नाही म्हणून पोटगी थांबवणे, किंवा पोटगी आली नाही म्हणून भेट नाकारणे, या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. भेटीचा हक्क आणि निर्वाह यांची सांगड घालता येत नाही. भेटीच्या तक्रारीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

थकबाकी आणि एक वर्षाची मेख

हुकूम मोडल्यास कलम १४४ अन्वये दंडाच्या वसुलीप्रमाणे वॉरंट काढता येते. तरीही रक्कम न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कारावासाची तरतूद आहे. तुरुंगवास भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. कारावास हा वसुलीचा मार्ग आहे, रकमेची परतफेड नव्हे.

येथे एक मेख आहे. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज न केल्यास त्या रकमेसाठी असे वॉरंट निघत नाही. ‘आज ना उद्या देतील’ या आशेवर दोन-तीन वर्षे काढणाऱ्या माता नेमक्या येथे अडचणीत येतात. थकबाकी साचू न देता दर काही महिन्यांनी अर्ज करीत राहणे हाच त्यावरील उपाय.

दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुली करताना वेतनावर जप्ती आणता येते. सामान्य कर्जवसुलीत वेतनाचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार केवळ एकतृतीयांश वेतनाला संरक्षण आहे. उरलेल्या दोनतृतीयांशापर्यंत जप्ती येऊ शकते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याही पुढे जाऊन पोटगीच्या थकबाकीला पतीच्या मालमत्तेवर बँका व वित्तीय संस्थांच्या दाव्यांपेक्षा अग्रक्रम दिला.

वडील दुसऱ्या शहरात गेले म्हणून हुकूम निष्प्रभ होत नाही. ज्याच्या विरुद्ध हुकूम आहे ती व्यक्ती जेथे असेल तेथील दंडाधिकाऱ्यांमार्फत त्याची अंमलबजावणी करता येते. हुकमाची प्रत अर्जदारास विनामूल्य मिळते.

परिस्थिती बदलली तर

पोटगीची रक्कम दगडावरची रेघ नाही. मूल बालवाडीतून माध्यमिक शाळेत गेले, आजारपण उद्भवले, वडिलांचे वेतन वाढले, तर वाढीसाठी अर्ज करता येतो. नोकरी गेली वा उत्पन्न खरोखर घटले, तर वडीलही कपातीसाठी अर्ज करू शकतात. मात्र परस्पर रक्कम कमी करणे हा हुकमाचा भंगच ठरतो. कलम १४४ खालील हुकमात असा बदल नव्या संहितेच्या कलम १४६ अन्वये होतो.

कोठे जावे?

मुंबईत वांद्रे येथे, तसेच पुणे, नागपूर आदी शहरांत कौटुंबिक न्यायालये आहेत. जेथे ती नाहीत तेथे कलम १४४ चे अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

अर्ज करण्यापूर्वी मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या शुल्कपावत्या, औषधांची बिले, घरभाड्याचा करार आणि स्वतःच्या उत्पन्नाचे कागद एकत्र करावेत. दुसऱ्या पालकाच्या नोकरीचे ठिकाण, व्यवसाय, वाहन, मालमत्ता याविषयी जी माहिती असेल ती तारीखवार लिहून ठेवावी. हुकूम झाल्यावर दरमहा किती रक्कम आली आणि कोणत्या तारखेला आली, याची एक वही ठेवावी. थकबाकीचा अर्ज करताना वकील सर्वप्रथम हीच वही मागतात, आणि एक वर्षाची मुदत कधी संपते हेही त्याच वहीवरून कळते.